तीन श्रोतृवर्गांचा एक गायक : नंदू भेंडे यांचे स्मरण

११ एप्रिल २०१४ रोजी नंदू भेंडे यांचे निधन झाले, तेव्हा त्यांच्यासाठी हळहळणारे तीन वेगवेगळे श्रोतृवर्ग महाराष्ट्रात होते आणि त्यांचा एकमेकांशी फारसा परिचय नव्हता. पहिला वर्ग मुंबईतल्या इंग्रजी रॉक संगीताच्या चाहत्यांचा होता. त्यांना भेंडे आठवत होते ते १९७४ सालच्या ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’मधला ज्यूडास म्हणून. दुसरा वर्ग मराठी प्रायोगिक रंगभूमीच्या प्रेक्षकांचा. त्यांच्या स्मरणात ‘तीन पैशाचा तमाशा’मधला अंकुश होता. तिसरा आणि संख्येने सर्वांत मोठा वर्ग हिंदी चित्रपटगीतांच्या श्रोत्यांचा होता. ‘डिस्को डान्सर’ या चित्रपटातले कृष्णाला साद घालणारे गाणे त्यांना पाठ होते, परंतु ते गाणाऱ्याचे नाव त्यांतल्या अनेकांना सांगता आले नसते. एकाच कलावंताची आठवण अशी तीन ठिकाणी विभागली गेली आणि हे तीन तुकडे एकत्र ठेवून पाहण्याचे काम कोणी केले नाही. भेंडे यांच्या गुणवत्तेच्या मानाने त्यांचे नाव कमी घेतले जाते, याचे मुख्य कारण या विभागणीत आहे, असे प्रतिपादन कोल्हापुरातल्या प्रस्तुत व्याख्यानात केले आहे. आणि त्याच्याच जोडीने असेही की, या गायकाचे खरे स्थान रॉक संगीताच्या परिघावर नसून मराठी संगीत नाटकाच्या मुख्य प्रवाहात आहे.

भेंडे यांचे घर नाटकाचे होते. वडील आत्माराम भेंडे हे मराठी रंगभूमीवरचे नट आणि दिग्दर्शक. बबन प्रभू यांच्या ‘झोपी गेलेला जागा झाला’ आणि ‘दिनूच्या सासूबाई राधाबाई’ या फार्सांशी त्यांचे नाव कायमचे जोडले गेले आहे. आई आशा भेंडे या मूळच्या बेने इस्रायली समाजातल्या, इंग्रजी कवी निस्सीम इझिकेल यांच्या भगिनी. त्या रंगभूमीवर वावरल्या आणि लोकसंख्याशास्त्राच्या अभ्यासक म्हणूनही मान्यता पावल्या. तारा कानिटकर यांच्यासह त्यांनी लिहिलेला या विषयावरचा इंग्रजी ग्रंथ पिढ्यान्‌पिढ्या विद्यार्थ्यांनी वापरला आहे. ज्या घरात एकीकडे मराठी फार्साच्या वेळेच्या अचूकतेची तालीम चालते आणि दुसरीकडे आधुनिक इंग्रजी कवितेशी रक्ताचे नाते असते, त्या घरातल्या मुलाला दोन भाषांमध्ये एकाच वेळी वावरताना परकेपणा वाटत नाही. पुढे भेंडे यांनी जे केले त्याची पूर्वतयारी या घरात झाली असावी, असे मानायला जागा आहे.

रॉक म्हणजे १९५० च्या दशकात अमेरिकेत कृष्णवर्णीयांच्या ब्लूज संगीतातून आणि गोऱ्यांच्या ग्रामीण गीतांतून आकाराला आलेले, विजेवर चालणारी गिटार, बेस गिटार आणि ड्रम यांच्या आधाराने सादर होणारे संगीत. त्याची ओळख पटते ती तालाच्या एका विशेषावरून. चार मात्रांच्या आवर्तनात पहिल्या मात्रेवर वजन देण्याची सवय असलेल्या कानाला रॉकमध्ये दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर स्नेअर ड्रमचा ठळक ठोका ऐकू येतो. त्याला बॅकबीट म्हणतात. १९६० च्या दशकाच्या उत्तरार्धात हे संगीत भारतातल्या मोठ्या शहरांतल्या महाविद्यालयीन तरुणांपर्यंत पोहोचले. कोलकात्याहून निघणारे ‘ज्युनियर स्टेट्समन’ हे साप्ताहिक या तरुणांचे वाचन होते, तर सिगारेटच्या एका ब्रँडने भरवलेल्या ‘सिमला बीट’ या वाद्यवृंद स्पर्धा त्यांचे व्यासपीठ. या स्पर्धांतल्या वृंदांच्या ध्वनिमुद्रिका १९७० आणि १९७१ साली निघाल्या. मुंबईत ‘व्हेल्वेट फॉग’ आणि ‘सॅव्हेज एन्काउंटर’ या वृंदांतून भेंडे गाऊ लागले. त्या काळातले बहुतेक वृंद इंग्लंड-अमेरिकेतल्या गाजलेल्या गाण्यांची पुनरावृत्ती करीत, तिला कव्हर म्हणतात. पुढच्या समीक्षकांनी या कारणावरून त्या पिढीला अनुकरणाचा दोष दिला. तो दोष अर्धाच खरा आहे, कारण आवाज घडवण्याची जी शाळा एरवी गुरूच्या घरी मिळते, ती या मुलांना दुसऱ्याच्या गाण्यांवर घासून मिळवावी लागली.

१९७४ साली दिग्दर्शक अलेक पदमसी यांनी मुंबईत ‘जीझस ख्राइस्ट सुपरस्टार’ रंगभूमीवर आणले. अँड्र्यू लॉइड वेबर यांचे संगीत आणि टिम राइस यांचे शब्द असलेली ही कृती १९७० साली प्रथम ध्वनिमुद्रिकेच्या रूपात आली होती. रॉक ऑपेरा म्हणजे ज्यात संवादही गायिले जातात आणि संपूर्ण कथा रॉक संगीतातून उलगडते असे नाटक. मुंबईच्या प्रयोगात येशूची भूमिका मधुकर चंद्रदास यांनी केली आणि ज्यूडासची नंदू भेंडे यांनी. या नाटकात ज्यूडास हा केवळ विश्वासघातकी शिष्य नाही. प्रश्न विचारणारा, घाबरलेला, अखेर स्वतःच्याच कृत्याखाली चिरडला जाणारा असा तो नाटकाचा दुसरा नायक आहे, आणि कंठाची सर्वांत कठीण परीक्षा त्याच्याच वाट्याला येते. वरच्या पट्टीत आवाज फाटण्याच्या सीमेपर्यंत नेऊन सूर न सोडणे, शब्द ओरडल्यासारखा वाटूनही स्वरात राहणे, ही ती परीक्षा होय. ज्यांनी तो प्रयोग पाहिला, त्यांच्यासाठी भेंडे आयुष्यभर ज्यूडासच राहिले. या पहिल्या श्रोतृवर्गाची निष्ठा मोठी, पण त्यांच्यातल्या अनेकांना मराठी नाटकाशी कर्तव्य नव्हते.

यानंतर चारच वर्षांनी, १९७८ साली, पुण्याच्या थिएटर अकॅडमीने ‘तीन पैशाचा तमाशा’ सादर केले. हा प्रसंग विस्ताराने पाहण्याजोगा आहे. जॉन गे यांनी १७२८ साली लंडनमध्ये ‘भिकाऱ्यांचा ऑपेरा’ लिहिला, तो उच्चभ्रूंच्या इटालियन ऑपेराला उत्तर म्हणून. त्यात चोर, भिकारी आणि वेश्या रस्त्यावरच्या परिचित चालींवर गात. त्यानंतर बरोबर दोनशे वर्षांनी, १९२८ साली, बर्लिनमध्ये बर्टोल्ट ब्रेख्त यांनी त्याच कथेवर ‘थ्री पेनी ऑपेरा’ उभा केला आणि कुर्ट वाइल यांनी त्याला जाझ आणि कॅबरेच्या वळणाचे संगीत दिले. त्यानंतर पन्नास वर्षांनी पु. ल. देशपांडे यांनी तेच नाटक मराठीत आणले आणि जब्बार पटेल यांनी ते दिग्दर्शित केले. ब्रेख्तच्या नाट्यविचारात गाणे हे प्रसंगाच्या भावनेत प्रेक्षकाला बुडवण्यासाठी नसते. गाणे सुरू झाले की कथा थांबते, नट प्रेक्षकाकडे वळतो आणि जे चालले आहे त्याकडे थोडे दुरून पाहायला लावतो. या तंत्राला दूरीकरण असे नाव आहे. मराठी प्रेक्षकाला हे तंत्र मुळीच परके नव्हते. तमाशातला सोंगाड्या, दशावतारातला संकासुर आणि कीर्तनकार हे शतकानुशतके कथा मध्येच थांबवून श्रोत्यांशी बोलत आले आहेत, आणि ‘घाशीराम कोतवाल’ व ‘महानिर्वाण’ या नाटकांतून थिएटर अकॅडमीच्या मंडळींनी या देशी रीतींचा आधुनिक वापर आधीच सिद्ध केला होता.

‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीताशी भास्कर चंदावरकर, आनंद मोडक आणि नंदू भेंडे अशी तीन नावे जोडलेली आहेत. रविशंकरांकडे सतार शिकलेले चंदावरकर, लोकसंगीताचा आणि चालींच्या नव्या शक्यतांचा ध्यास घेतलेले मोडक आणि रॉकच्या मुशीतून आलेले भेंडे, अशी ही त्रयी होती. नाट्यसंगीताचा घाट, लावणीचा ठसका आणि पाश्चात्त्य पॉप-रॉकचा जोर हे तिन्ही रंग एकाच नाटकात, एकमेकांत न मिसळता, शेजारी शेजारी ठेवले गेले. पात्राचा वर्ग, वय आणि वृत्ती त्याच्या संगीतशैलीवरून ओळखावी, अशी ही योजना होती. ब्रेख्तच्या मॅकहीथचे मराठी रूप असलेला अंकुश भेंडे यांनी साकारला. हा गुंड आकर्षक, बेफिकीर आणि नव्या शहराचा आहे. त्याच्या तोंडी नाट्यपद शोभले नसते आणि लावणीही नाही. मराठी रंगभूमीवर रॉकची शैली पात्राची गरज म्हणून, नुसती गंमत म्हणून नव्हे, अशा ठामपणे वापरली गेल्याचे याहून स्पष्ट उदाहरण सापडणे कठीण आहे. माधुरी पुरंदरे आणि चंद्रकांत काळे यांच्यासारखे गाते नट त्याच संचात होते. त्यांच्या तुलनेत वेगळ्या जातीचा आवाज घेऊन भेंडे उभे राहिले आणि तो आवाज उपरा वाटला नाही, हे त्यांचे यश होय.

येथे भाषेचा एक मुद्दा विचारात घ्यावा लागतो, कारण मराठीत रॉक गाणे वरवर दिसते तितके सोपे नाही. इंग्रजी गीताची चाल शब्दांतल्या आघातांवर उभी असते: एक अक्षर जोराने, पुढचे दबून, असा उच्चार त्या भाषेतच आहे, आणि एकाक्षरी शब्दांची रेलचेल असल्यामुळे ड्रमच्या ठोक्यावर नेमका शब्द ठेवणे सोयीचे जाते. मराठी छंदाचा पाया मात्र आघात नसून अक्षरांचे लघु-गुरू माप हा आहे. शिवाय मराठी शब्दाला विभक्तिप्रत्यय लागून तो लांबतो आणि क्रियापद वाक्याच्या शेवटी येऊन बसते. अशा भाषेत बॅकबीटवर गायचे तर गायकाला दोनच मार्ग उरतात. पहिला म्हणजे भाषा मोडून इंग्रजी उच्चाराच्या वळणाने गाणे. हा मार्ग अनेकांनी पत्करला आणि त्यांची गाणी नकलेसारखी ऐकू आली. दुसरा मार्ग म्हणजे मराठी बोलीतच असलेला फेकीचा जोर शोधणे. पोवाड्यात शाहीर ओळ अशीच फेकतो. तो शब्दाच्या सुरुवातीला ठोसा देतो, शेवटचे अक्षर ताणतो आणि झीलकरी ते उचलून धरतात. शाहीर पिराजीराव सरनाईकांच्या कोल्हापूरला हे निराळे समजावून सांगण्याची गरज नाही. डफ-तुणतुण्याच्या साथीने मोकळ्या मैदानात, ध्वनिक्षेपकाशिवाय शेवटच्या श्रोत्यापर्यंत पोहोचणारा छातीतला, किंचित खरखरीत, सरळ सुराचा आवाज आणि रॉक गायकाचा आवाज हे परस्परांचे जवळचे नातलग आहेत. भेंडे यांच्या मराठी गायनात शब्द स्वच्छ राहतो आणि तरीही ताल ढिला पडत नाही. हा गुण त्यांनी कोठून घेतला ते ठरवणे अवघड असले, तरी तो ऐकणाऱ्याला जाणवतो, आणि या गुणासाठी त्यांचे नाव मराठी गायनाच्या इतिहासात नोंदले जायला हवे.

मराठी संगीत नाटकाने परक्या चाली स्वीकारण्याचे हे पहिलेच उदाहरण होते, असे मात्र म्हणता येणार नाही. अण्णासाहेब किर्लोस्करांनी १८८० साली ‘शाकुंतल’ रंगभूमीवर आणले तेव्हा साकी-दिंडीबरोबर कर्नाटकी चालीही त्यात होत्या. १९११ च्या ‘मानापमान’ला चाली देणारे, कोल्हापूरशी निकटचे नाते असलेले गोविंदराव टेंबे हार्मोनियमचे वादक होते, आणि हार्मोनियम हे वाद्य मूळचे युरोपातले. कोल्हापुरात १९२९ साली स्थापन झालेल्या आणि पुढे पुण्याला गेलेल्या प्रभात फिल्म कंपनीने १९३७ च्या ‘कुंकू’मध्ये शांता आपटे यांच्या तोंडी लाँगफेलोची इंग्रजी कविता घातली, केशवराव भोळे यांनी ते धाडस केले आणि प्रेक्षकांनी ते मानून घेतले. या परंपरेत पाहिले की भेंडे यांचे काम अपवादात्मक राहत नाही. ते किर्लोस्कर, टेंबे आणि भोळे यांच्या वाटेवरचे पुढचे पाऊल ठरते. संगीत नाटकाचे इतिहास लिहिणारे सामान्यतः गायक-नटांच्या युगाच्या अस्तापाशी आणि नंतर ‘कट्यार काळजात घुसली’पाशी थांबतात, आणि रॉकचे इतिहास लिहिणारे मराठी नाटकाकडे वळतच नाहीत. दोन्ही इतिहासांच्या मधल्या जागेत हा गायक राहून गेला आहे.

तिसऱ्या श्रोतृवर्गाविषयी थोडक्यात सांगता येईल. १९८२ च्या ‘डिस्को डान्सर’मध्ये बप्पी लाहिरी यांनी भेंडे यांच्याकडून गाऊन घेतलेले गाणे भारताबाहेरही पोहोचले, कारण तो चित्रपट सोव्हिएत संघात प्रचंड लोकप्रिय झाला. परंतु चित्रपटगीताची व्यवस्था अशी आहे की श्रोत्याच्या मनात गाणे नटाच्या चेहऱ्याला चिकटते आणि त्यानंतर संगीतकाराच्या नावाला. एखाद-दुसरे गाणे गाणारा गायक त्यात विरून जातो. ज्या गाण्याने भेंडे यांचा आवाज सर्वाधिक कानांपर्यंत नेला, त्याने त्यांचे नाव मात्र नेले नाही.

रॉकच्या जगात अशा कलावंताला कल्ट म्हणतात. कल्ट म्हणजे ज्याचे चाहते थोडे पण निष्ठावंत असतात, ज्याची ख्याती बाजारापेक्षा एका श्रोत्याकडून दुसऱ्या श्रोत्याकडे चालत जाते, आणि मृत्यूनंतर ज्याचे महत्त्व वाढत जाते असा कलावंत. इंग्लंडच्या निक ड्रेकचे उदाहरण सर्वज्ञात आहे: तीन ध्वनिमुद्रिका काढून तो १९७४ साली सव्विसाव्या वर्षी वारला, तेव्हा त्याला ओळखणारे मोजकेच होते, १९९९ साली एका मोटारीच्या जाहिरातीत त्याचे गाणे वाजले आणि नवी पिढी त्याच्याकडे वळली. अमेरिकेच्या ॲलेक्स चिल्टनचा मृत्यू १७ मार्च २०१० रोजी झाला. त्याच्या ‘बिग स्टार’ या वृंदाचा कार्यक्रम त्यानंतर काही दिवसांतच ऑस्टिन शहरातल्या महोत्सवात व्हायचा होता, आणि सहकाऱ्यांनी तो रद्द न करता त्याचीच आठवण जागवणारा कार्यक्रम केला. या दोघांच्या चाहत्यांना एक मोठा आधार होता: पूर्ण, हाती धरता येणाऱ्या ध्वनिमुद्रिका. भेंडे यांच्या कर्तृत्वाचा गाभा मात्र रंगभूमीवर होता. रंगभूमीवरचे गाणे प्रत्येक प्रयोगात थोडे बदलते आणि पडदा पडल्यावर प्रेक्षकांच्या स्मरणाशिवाय त्याला घर उरत नाही. त्यामुळे अशा गायकाच्या बाबतीत चाहत्यांच्या आठवणी या भावनिक श्रद्धांजलीपुरत्या राहत नाहीत. त्या इतिहासाची प्राथमिक साधने होतात. कोणत्या शब्दावर गायक थांबला, कोणती ओळ त्याने गिटारच्या आधी उचलली, कोणत्या जागी सभागृह स्तब्ध झाले, हे दुसरीकडे कोठेही नोंदलेले नसते.

कोल्हापुरात हा विषय मांडण्याला विशेष अर्थ आहे, कारण नाहीशा झालेल्या आवाजाला जिवंत ठेवण्याची कला या शहराला अवगत आहे. शाहू महाराजांनी ज्या काळात शाहूपुरीची व्यापारपेठ वसवली, त्याच काळात त्यांनी गायक अल्लादिया खाँसाहेबांना दरबारी आश्रय दिला. खाँसाहेबांच्या गायनाची ध्वनिमुद्रिका उपलब्ध नाही. तरीही ते कसे गात, हे मंजी खाँ, भुर्जी खाँ, केसरबाई केरकर आणि मोगूबाई कुर्डीकर यांच्यामुळे पुढच्या पिढ्यांना कळले, आणि गायन समाज देवल क्लबसारख्या संस्थांनी त्या परंपरेला श्रोते पुरवले. घराणे म्हणजे केवळ शैली नव्हे; एका गायकाचे गाणे दुसऱ्याच्या कंठात जपण्याची ती व्यवस्था आहे. रॉक गायकाला अशी व्यवस्था लाभत नाही. त्याला शिष्य नसतात, गंडाबंधन नसते, त्याचा रियाज कोणी पाहिलेला नसतो. शिष्याने करायचे काम त्याच्या बाबतीत चाहत्याला करावे लागते, आणि चाहत्याकडे निष्ठा असली तरी पद्धत असतेच असे नाही.

दुसरे उदाहरण गायक-नट केशवराव भोसले यांचे. १८९० साली कोल्हापुरात जन्मलेले, ‘ललितकलादर्श’ ही नाटक मंडळी काढणारे केशवराव १९२१ च्या ऑक्टोबरमध्ये, वयाच्या एकतिसाव्या वर्षी गेले. बालगंधर्वांबरोबरचा ‘मानापमान’चा संयुक्त प्रयोग त्याच वर्षी जुलैमध्ये झाला होता. त्यांचे गाणे प्रत्यक्ष ऐकलेला माणूस आज हयात असणे शक्य नाही. तरी ८ ऑगस्ट २०२४ च्या रात्री, केशवरावांच्या जयंतीच्या पूर्वसंध्येला, शाहू महाराजांनी १९१५ साली उभारलेले आणि पुढे केशवरावांचे नाव धारण केलेले नाट्यगृह आगीत भस्मसात झाले, तेव्हा या शहरातले कलावंत आणि सामान्य माणसे रस्त्यावर उभी राहून रडली. शंभर वर्षांपूर्वी गेलेल्या गायकाचे नाव एखाद्या वास्तूला जोडले गेले की त्याची आठवण गावाची होते. भेंडे यांच्या नावाला अशी वास्तू नाही. ज्या मुंबईत ते वाढले, तिथले धोबी तलावचे रंगभवन हे खुले नाट्यगृह रॉकच्या चाहत्यांचे हक्काचे ठिकाण होते, आणि तेही शांतता क्षेत्राच्या नियमांमुळे संगीताला बंद झाले. शहरांनी आवाजावर मर्यादा घालणे योग्यच आहे, पण त्या मर्यादेत एका सबंध पिढीची जागा गेली आणि तिला दुसरी जागा देण्याची निकड कोणाला वाटली नाही, ही खेदाची गोष्ट आहे.

भेंडे यांच्यामागोमाग बरोबर सहा आठवड्यांनी, २३ मे २०१४ रोजी आनंद मोडक गेले. भास्कर चंदावरकर २००९ सालीच गेले होते. म्हणजे ‘तीन पैशाचा तमाशा’च्या संगीतामागची तिन्ही माणसे पाच वर्षांच्या अंतरात नाहीशी झाली, आणि त्या संगीताची उभारणी कशी झाली हे सांगू शकणारे आता मुख्यतः त्या प्रयोगांतले नट, वादक आणि प्रेक्षक उरले आहेत. १९७८ साली विशीत असलेला प्रेक्षक आज पासष्टी ओलांडून पुढे गेला आहे. या लोकांच्या आठवणी पद्धतशीरपणे ध्वनिमुद्रित करणे, नाटकाच्या गीतांचे स्वरलेखन करणे, ‘सुपरस्टार’च्या चाहत्यांजवळची छायाचित्रे आणि कार्यक्रमपत्रिका थिएटर अकॅडमीच्या प्रेक्षकांजवळच्या साहित्याशेजारी आणून ठेवणे, हे काम विद्यापीठातला एखादा संगीत विभाग किंवा देवल क्लबच्या परंपरेतली एखादी संस्था सहज हाती घेऊ शकते. त्यासाठी मोठ्या निधीची आवश्यकता नाही; आवश्यकता आहे ती तिन्ही श्रोतृवर्गांना एका खोलीत बसवणाऱ्या कोणाची तरी. २०२८ साली जॉन गे यांच्या मूळ कृतीला तीनशे, ब्रेख्तच्या नाटकाला शंभर आणि मराठी प्रयोगाला पन्नास वर्षे पूर्ण होतील. बर्लिन आणि लंडन आपापले उत्सव करतीलच. महाराष्ट्रात त्या वर्षी अंकुशची गाणी पुन्हा गायिली जायची असतील, तर ती ज्यांच्या कानांत आहेत त्यांच्याकडून उतरवून घेण्याचे काम त्याआधीच व्हायला हवे.